पाइनच्या फळीवरच्या वाट्या

१९ जुलै, शुक्रवार

ही डायरी २०२० सालची आहे, ह्यांना कंपनीतून मिळालेली. कोरीच राहिली होती. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून मी बरोबर लिहीत जाईन. लिहायला आज कारण घडलं.

मागच्या अंगाचं शेळ्यांचं खोपट मोडायचं माझ्या मुलानं, मल्हारनं ठरवलंय. ऑगस्टच्या शेवटी ठेकेदार येणार. तिथं चार खोल्या काढायच्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. आमच्या भरे गावात आता जो तो खोल्याच बांधतोय, त्यात वावगं काही नाही. मी हो म्हटलं. सकाळी कामावर जाताना तो म्हणाला, आत ठेवण्याजोगं काही असलं तर बघून घे.

तीन वर्षांनी मी खोपटात गेले. हे गेले त्याच आषाढात आम्ही शेळ्या विकल्या आणि दाराला दोरी बांधली. ती आज सोडली.

खोपट ह्यांनी एकट्यानं बांधलेलं. हे पिरंगुटला पॅकिंग खात्यात होते. परदेशातून मशिनं यायची त्या पेट्यांच्या फळ्या, पिवळ्या पाइनच्या, भंगारात जाण्याआधी हे साहेबांकडून मागून आणायचे. अशा चाळीसेक फळ्या असतील. दरसाल मृगाच्या आधी गॅरेजातून जळकं ऑइल आणायचे आणि सगळ्या फळ्यांना दोन हात द्यायचे. ते तीन वर्षं राहून गेलं. पावसाच्या बाजूच्या फळ्या इतक्या मऊ झाल्यात की बोट दाबलं तर आत जातं.

त्यातल्या सगळ्यात खालच्या फळीवर वाट्या होत्या.

दुसरा शब्द मला सुचत नाही. सदऱ्याच्या गुंडीपासून रुपयाएवढ्या. बाहेरून तांदळाचं पीठ उडाल्यासारख्या, आतून जांभळाच्या चोथ्याच्या रंगाच्या, ओल्या, चमकणाऱ्या. मी आयुष्यभर अळंबी खुडली, वारुळावरची, शेणातली, बांबूच्या बेटातली. पण दांडा नाही, छत्री नाही, आभाळाकडं तोंड उघडून बसलेली अशी अळंबी मी अठ्ठावन्न वर्षांत पाहिली नव्हती. मोजल्या. तेवीस भरल्या.

पल्लवीला हाक मारली. सून वाकून बघत म्हणाली, "आत्या, ह्या खायच्या का?"

"न्हाई. बघायच्या."

तिनं माझ्याकडंच बघितलं, वाट्यांकडं नाही.

२१ जुलै, रविवार

पौडच्या वाचनालयात जाऊन आले. शाळा मी चौथीपर्यंतच केली. बाकीचं वाचन हे कॅन्टीनमधून शिळे पेपर आणायचे त्यांच्यावर झालं, आणि मग वाचनालयावर. बुरशीचं एक जाड पुस्तक मिळालं, कॉलेजचं. वाचनालयातले जनार्दन गुरुजी म्हणाले, नऊ वर्षांत हे पुस्तक कुणी नेलेलं नाही.

एका पानात दहा शब्द अडतात. पण एवढं कळलं की वाटीसारखी बुरशी हा एक मोठा गोतावळाच आहे, आणि काही वाट्या फक्त सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या लाकडावर येतात. सूचिपर्णी म्हणजे सुईसारखी पानं असलेली. पाइन त्यातलंच. थंड मुलखातलं झाड.

आपल्याकडं तसली झाडं रानात नाहीत. मग ही माझ्या खोपटात आली कुठून? जेवताना हे मल्हारला विचारलं. तो म्हणाला, "आये, बुरशीला काय तिकीट लागतंय का." पल्लवी हसली. मीही हसले, पण माझा प्रश्न तसाच आहे.

२७ जुलै, शनिवार

चार दिवस नुसता कोसळतोय. पौडच्या पुढं रस्ता बंद. मी दिवसातून तीन वेळा छत्री घेऊन मागं जाते. धाकटे दीर धनाजी भावजी शेजारीच राहतात. ते ओट्यावरून बघत असतात. आज म्हणाले, "वैनी, शेळ्या व्हत्या तवाबी तुमच्या इतक्या चकरा न्हवत्या."

तर आजची गोष्ट. चष्म्यावर पाणी आलं होतं म्हणून मी तोंड अगदी वाटीपाशी नेलं. माझा श्वास लागला असावा. क्षणभर काही नाही, आणि मग वाटीतून धूर निघाला. उदबत्तीचा असतो तसा पांढरा, आणि बरोबर बारीक सूं असा आवाज. मी दचकून मागं सरले ती चिखलात बसलेच, आणि मला हसू फुटलं. थांबेचना. पल्लवी हातातलं पीठ न धुता धावत आली.

मी तिला म्हटलं, ह्या वाटीवर फुंक घाल, हळू. तिच्या वाटीनंही धूर सोडला. "अगं बया," म्हणाली आणि तिथंच बसली. मग आम्ही दोघींनी एकेक करून अकरा वाट्या फुंकल्या. भाकरी करपली.

पुस्तकात शोधलं. तो धूर म्हणजे तिचं बी. वाटीत लाखो बिया दाबून भरलेल्या असतात, हवा हलली की एकदम सुटतात.

१० ऑगस्ट, शनिवार

आज अक्षर नीट येत नाही.

तालुक्याला रानभाज्यांचं प्रदर्शन होतं. बचत गटाच्या बायकांबरोबर मीही गेले. तिथं पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या एक उत्कर्षा मॅडम अळंब्यांवर बोलल्या. वयानं पल्लवीएवढ्याच. भाषण झाल्यावर मी पल्लवीचा मोबाइल पुढं केला. त्यांच्यापुढं दिवसभर मोबाइलच येत होते. त्यांनी फोटो बघितला, बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला. मग त्यांनी जे विचारलं ते आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

"ताई, लाकूड कुठलं आहे?"

मी सांगितलं, पेटीचं, पाइनचं. वाटीवर श्वास घातला की धूर येतो, पावसाची उघडीप पडली की वाट्या कडेनं आत मिटतात, जुनी काळी पडून गळाली की शेजारीच दोन नव्या येतात, हेही सांगितलं. त्या खुर्चीवरून उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, ह्या गणातल्या बऱ्याच जातींबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे. कुणीतरी कुठंतरी एकदा बघितलेली असते, बस. रोज बघणारा माणूस मिळत नाही.

मी तो माणूस आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

माझी चूक झाली, लिहून ठेवते. मॅडमनी दोन वाट्या कुरियरनं मागवल्या होत्या. ताज्या राहाव्यात म्हणून कोथिंबीर ठेवतो तशा ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारली. पुण्याला पोचेपर्यंत त्यांचं पाणी झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कागदी पाकिटात वाळवून धाडायच्या असतात, आणि हे त्यांनीच आधी सांगायला हवं होतं. आता काही पाठवू नका, लाकडावरच राहू देत. त्या कोकणात चालल्यात. ४ सप्टेंबरला, बुधवारी, स्वतः येतील. लाकडासकट जिवंत वाटी मिळाली तर काहीतरी सांगता येईल, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं खोल्या असणार.

ठेकेदार २६ ऑगस्टला येणार होता. मल्हार कामावरून आल्यावर मी चहाही पुढं केला नाही, आधी सांगितलं: "चार तारखेपतूर खोपटाच्या एका फळीला हात लावायचा न्हाई. ते लाकूड सांभाळायचं." त्यानं खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली. मग म्हणाला, "बरं आये." इतक्या हळू की मला वाटलं त्याला बरं नाही की काय.

१८ ऑगस्ट, रविवार

कोळवणला जाऊन आले. तिकडं शहरातल्या लोकांचे बंगले आहेत, आणि एका बंगल्यात ख्रिसमसची म्हणतात तसली झाडं लावलेली मी एस्टीतून पाहिली होती. वाटलं, त्यातलं एखादं मेलं असेल, तर वाट्या तिथूनच आल्या का ते कळेल.

दोन झाडं खरंच वाळून मागं पडली होती. वॉचमन बिहारकडचा. ही बाई कुजकं लाकूड उलटंपालटं का करतेय हे त्याला काही केल्या समजेना. मी हिंदीत अळंबी सांगायला लागले, त्यानं सरपण ऐकलं असावं. आत गेला आणि चांगली हातभर जाड मोळी बांधून घेऊन आला. "ले जाओ माताजी." आता त्याचं मन कसं मोडायचं? मोळी डोक्यावर घेऊन एस्टीनं घरी आले. कंडक्टरनं लगेज लावलं.

वाटी एकही नाही. मोळीतही नाही, मी काडी न् काडी तपासली. म्हणजे आजच्या घडीला ती फक्त माझ्याकडं आहे. पाय दुखतायत, पण झोप येईलसं वाटत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

वाट्या सदतीस.

आज एक चांगलं झालं. मल्हारनं आपणहून खोपटाचा विषय काढला. बाबा लाकडाला काय करायचे, ऑइल कुठल्या गॅरेजातून आणायचे, त्यात डिझेल घालायचे का, ब्रश लावायचे की चिंधी. इतके दिवस ह्या पोरानं खोपटाकडं मान वळवून बघितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ऑइल कोमट करून घ्यायचं म्हणजे आत मुरतं, चिंधीनं चोळायचं, आधी तारेच्या ब्रशनं घाण खरवडून काढायची. अर्धा तास बोलत होते. आतून पल्लवीनं मला कशासाठी तरी हाक मारली, तर तोच म्हणाला, बोलू दे तिला.

दुपारी मात्र मागच्या मोरीवर दोघांचं बोलणं कानावर पडलं. पल्लवी म्हणत होती, "अळंबी-बिळंबीचं निमित्त हाय ओ. आत्यांच्यानं खोपट मोडवत न्हाई, तोंडानं बोलत न्हाईत एवढंच."

पल्लवी हुशार आहे, पण इथं ती चुकते. मला खोपटाचं काही नाही. वाट्या नसत्या तर पहिली फळी मीच काढली असती.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं गेलं.

माले गावी बहिणीकडं गेले होते. चारच्या एस्टीनं उतरले तर वाटेवरूनच वास आला. जळक्या ऑइलचा. तो वास मला तीन वर्षांत आला नव्हता, आणि माझे पाय आपोआप जोरात पडायला लागले, का ते मला सांगता येणार नाही.

खोपट काळंभोर चमकत होतं. मल्हार बनियनवर, कोपरापर्यंत काळा. पल्लवीच्या हातात पातेलं, दिवसभर ती चुलीवर ऑइल कोमट करून देत होती. दोघं माझ्याकडं बघत उभी. मल्हार म्हणाला, "बाबा करायचे तसंच केलंय. दोन हात दिले. खोपट ऱ्हाऊ दे आये. खोल्या म्होरच्या अंगाला काढू, चार न्हाई तर दोन. खोपट मोडवत न्हाई हे आमाला सांगायची लाज वाटली काय तुला?"

मी खाली बघितलं. खालची फळी तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ केलेली होती. वाट्यांच्या जागी गोल गोल ओरखडे, त्यांच्यावर ऑइल.

मी विचारलं, "हितलं काय केलंस?"

"घाण व्हती ती सगळी काढली," तो म्हणाला, आणि माझं तोंड बघून थांबला.

 त्याला बोलणार काय? त्यानं सुट्टीचा आख्खा दिवस घातला होता. लाकूड सांभाळ म्हटलं, त्यानं सांभाळलं. खरवडायचं कसं हेही मीच शिकवलं. वाट्यांसाठी सांभाळ, असं साध्या शब्दांत मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझ्या बोलण्यात दुसरं काही नसतंच, तर त्याला वेगळं काय समजणार.

चहा केला. तिघांनी प्यायला. मग मल्हार म्हणाला, "म्हंजे ते अळंबीचं खरंच व्हतं?"

२ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना फोन करून येऊ नका सांगायचं म्हणून मोबाइल हातात घेतला होता. पल्लवीनं काढून घेतला. "थांबा आत्या. ह्यांचा हात सगळीकडं पोचला नसंल."

उजाडल्यावर आम्ही दोघी खोपटात शिरलो. बाहेरून, आतून, वर, खाली, सगळीकडं ऑइल. माझा मुलगा कामचुकार नाही, त्याचं आज पहिल्यांदा मला वाईट वाटलं. शेवटी राहिली गव्हाण. ती भिंतीला जोडलेली, खाली दीड वीत उंचीची सांदट. माझ्या गुडघ्यांना ते जमेना. पल्लवीनं पदर खोचला आणि पोटावर झोपून आत सरकली. मोबाइलची बॅटरी लावली. बराच वेळ नुसत्या तिच्या टाचा दिसत होत्या.

मग आतून आवाज आला, "आत्या, फुंकू का?"

"फुंक की."

"सोडला बघा धूर. माझ्या नाकातच सोडला."

गव्हाणीच्या बुडाची फळी, तीही पाइनची, जमिनीकडं तोंड केलेली. तिच्या कडेला चौदा वाट्या. मी मातीत बसूनच राहिले. पल्लवी बाहेर आली ती केसांत कोळिष्टकं घेऊन, आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून काहीतरी बडबडत होतो, त्यातलं आता एकही वाक्य आठवत नाही.

मल्हार पहिल्या पाळीला गेला होता. पल्लवीनं त्याला फोन केला. तो काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, काही नाही, नुसतं हुश्श केलं.

४ सप्टेंबर, बुधवार

मॅडम दहाला आल्या. मल्हारनं रजा टाकली होती. मॅडम ऑइलचा वास घेत क्षणभर उभ्या राहिल्या, मल्हारनं मान खाली घातली. मीच पुढं होऊन म्हटलं, माझ्या सांगण्यात चूक झाली.

गव्हाण आधीच सोडवून ठेवली होती. मॅडमनी वाट्या बघितल्या आणि तिथंच मातीत गुडघ्यांवर बसल्या. श्वास घालायचा मान त्यांनी मला दिला. धूर निघाला तेव्हा धनाजी भावजीही ओट्यावरून उठून आले. म्हणाले, "इडी फुकतीया की वैनी तुमची अळंबी."

ओट्यावर छोटा सूक्ष्मदर्शक मांडला. वाटीचा केसाएवढा काप, काचेवर पाण्याचा थेंब. आधी मल्हारनं बघितलं, मग मला बसवलं. लांब लांब पारदर्शक शेंगा, आणि प्रत्येक शेंगेत आठ दाणे ओळीत, पावट्यासारखे. मी दहा शेंगा मोजल्या. सगळ्यांत आठच. मग मॅडमनी कडेनं आयोडिनचा थेंब सोडला आणि शेंगांची टोकं निळी झाली. एकेका शेंगेला एकेक निळी टोपी. इतकी सुंदर गोष्ट माझ्या गव्हाणीच्या खाली होती.

मॅडम म्हणाल्या, गण कोणता असावा हे ह्यावरून कळतं, जात कळत नाही. महिने लागतील, पुस्तकं पालथी घालावी लागतील, परदेशात विचारावं लागेल. तिकडं कुणाच्या ओळखीची निघेल, किंवा नाही निघणार. पेटीच्या लाकडातून आली म्हणावं, तर तसली लाकडं कीड-बुरशी मरावी म्हणून तापवून धाडतात. वाऱ्यानं आली म्हणावं, तर कुठून? हे त्यांनाही माहीत नाही, आणि तसं त्या सरळ म्हणाल्या, हे मला फार आवडलं.

मल्हारनं फळीचा हातभर तुकडा कापला. करवतीचा आवाजच आला नाही, भिजलेली भाकरी कापल्यासारखं. पाकिटावर लिहायला मॅडमनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, सारजाबाई बाजी कोकरे. ह्यांचं नाव तोंडानं मी घेतलं नव्हतं कधी. नीट निघालं.

निघताना मॅडमनी एक वाईट गोष्ट सांगितली. ऑइल हळूहळू मुरतं. गव्हाणीला वरून लागलंय, ते उरलेल्या फळीलाही वर्षभरात गाठेल. वाट्या इथं टिकायच्या नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

मल्हार टेम्पो घेऊन आला. टेम्पोत पाइनच्या दोन आख्ख्या पेट्या, कोऱ्या. साहेबांकडून मागून आणल्या म्हणाला. बापाच्या खात्यात गेला होता, तिथल्या जुन्या माणसांनी ओळखलं, चहा पाजला.

मॅडमना फोन करून सगळं विचारून घेतलं. पेट्या सोडवून फळ्या विहिरीच्या अंगाला, आंब्याच्या सावलीत, जमिनीवर आडव्या मांडल्या. मधोमध गव्हाणीच्या फळीचा वाट्यांसकट उरलेला तुकडा. वरून ओला पालापाचोळा. ऑइलचा डबा मल्हारनं स्वतः गॅरेजवाल्याला परत देऊन टाकला. खोपटाचं मीच त्याला सांगितलं, आता मोड, तुझ्या चार खोल्या होऊ देत. त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं.

फळ्यांवर बादलीनं पाणी घातलं ते मल्हारनंच. भावजी बघत होते. "लोकं लाकूड कुजू नये म्हणून जीव टाकत्यात. आन् तुमी मायलेकरं कुजावं म्हणून पाणी घालताय."

"व्हय," मल्हार म्हणाला. "किती दिस लागतील गं आये?"

मॅडम म्हणाल्या होत्या, नवं लाकूड आहे, पाच वर्षं धरा. बी रुजलं तर. मी हिशेब केला. पाच वर्षांनी मी त्रेसष्टची. चालेल. चष्मा तेवढा नवा करावा लागेल.

कोऱ्या फळीवर पाच वर्षं काही दिसणार नाही. रोज पालापाचोळा उचकटून बघायचं नाही, त्यानं ओल मोडते, असं मॅडमनी बजावून सांगितलंय आणि मला ते पटलंय. उद्या सकाळी एकदा बघून येते.